इंद्राणीचा डावा कान

अर्धशिशीचं औषध आणि कानाची पाळी यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी बेळगावच्या कॅम्पातल्या डॉक्टर कुटिन्होंनी सांगितलं. त्याआधी माझी समजूत अशी होती, की डोकं हे डोकं आणि कान हा कान. दोघं शेजारी राहतात, पण एकमेकांच्या घरात लक्ष घालत नाहीत. निपाणीत राहून मी असं कसं समजले, याचं आता नवल वाटतं. शेजारच्या घरात लक्ष न घालणारं निपाणीत मला तरी कुणी भेटलं नव्हतं.

गोष्ट सदतीस सालची. आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नवी मूर्ती बसवायची होती, म्हणून फाल्गुनाच्या अखेरीस पंचकल्याणाची पूजा ठरली. ज्यांनी ही पूजा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तीर्थंकरांचा जन्म होतो, तेव्हा स्वर्गातून इंद्र-इंद्राणी येतात आणि बाळाला अभिषेकाला घेऊन जातात. हे इंद्र-इंद्राणी म्हणजे गावातलीच नवरा-बायकोची जोडपी. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, आणि वाजतगाजत मिरवणूक. सोळा जोड्यांपैकी पहिल्या पंधरा तंबाखूच्या वखारवाल्यांकडे गेल्या. स्वर्गातही पुढच्या जागा कुणाच्या असतात हे आम्हाला ठाऊकच होतं. पण सोळावी जोडी चिठ्ठी टाकून काढायची, असं पंचांनी ठरवलं, आणि चिठ्ठीत नाव निघालं आमचं. म्युनिसिपालिटीच्या शाळेतले वर्धमान मास्तर आणि त्यांची बायको राजमती. अडीनडीला असावी म्हणून आणखी एक चिठ्ठी काढून ठेवली, ती निघाली आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या जयाबाईची आणि तिच्या नवऱ्याची.

मला इंद्राणी व्हायचं होतं. हे मी तेव्हा कुणापाशी बोलले नाही, कारण अशा गोष्टी बोलून दाखवायची आमच्यात रीत नव्हती. पण लग्न होऊन आठ वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात मला कुणी कशासाठी म्हणून निवडलं नव्हतं. चिठ्ठीनं का होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयाबाई परसात आली.

"नशीब काढलंस गं राजमती," ती म्हणाली. "पर एक इचारू? सर्गात फाटक्या कानाच्या इंद्राण्या असत्यात व्हय?"

माझा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. तीन वर्षांपूर्वी ओलं लुगडं डोक्यावरून ओढताना जड कुडी त्यात अडकली आणि कानाची पाळी मधोमध चिरत खाली आली. जखम भरली, पण दोन टोकं वेगळी ती वेगळीच राहिली, सापाच्या जिभेसारखी. तेव्हापासून मी पदर डाव्या बाजूनं जरा जास्त पुढे घेत असे. सगळ्या गल्लीला कान माहीत होता. पण माहीत असणं वेगळं आणि परसात उभं राहून विचारणं वेगळं.

हा प्रश्न दुपारपर्यंत बस्तीत पोचला आणि संध्याकाळी बस्तीचे पुजारी उपाध्ये अण्णा आमच्या सोप्यात येऊन बसले. त्यांनी माझा कान पुढून पाहिला, मागून पाहिला. चिकोडीच्या बाजारात बैल घेताना माणसं असंच बघतात.

"शास्त्रात इंद्राणी सर्वांगसुंदर सांगितलीय," ते म्हणाले. "आता सर्वांगात कान येतो का? तर येतो."

"अण्णा, मी तरी कुठं सर्वांगसुंदर आहे?" आमचे हे म्हणाले. माझ्या बाजूनं ते एवढंच बोलले, पण बोलले.

"तुझ्याबद्दल कुणी तक्रार केली न्हाई, मास्तर," अण्णा म्हणाले. "फाल्गुन शुद्ध अष्टमीपर्यंत कान एक झालेला दिसू दे. नाव तुमचं ऱ्हाईल. न्हाईतर दुसरी चिठ्ठी हायच."

झालं. माझा कान सार्वजनिक काम झाला. त्या आठवड्यात आमच्याकडे जेवढी माणसं येऊन गेली तेवढी माझ्या लग्नातही आली नव्हती. सोनाराला दाखवला, तर तो म्हणाला, "सोन्याचा असता तर झाळून दिला असता." दूध घालणारी रुक्माबाई म्हणाली, चुन्यात गूळ कालवून लावा, आमच्या मालकांनी बांधलेली विहीर तीस वर्षं हललेली नाही. तिचा नवरा गवंडी होता. कुणी मेण सांगितलं, कुणी लाख. माझ्या सासूबाई चंपाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, सगळ्यांचं ऐकून घेत आणि पाहुणा गेला की चिमूटभर तपकीर ओढून म्हणत, "साकु! पुरे झालं! कान हाय का पत्रावळ?" त्यांचं माहेर चिकोडीकडचं. राग आला की त्यांच्या तोंडून कानडी निघे.

शेवटी ह्यांनाच शाळेत कुणाकडून तरी कळलं, की बेळगावच्या कॅम्पात एक गोव्याकडचे डॉक्टर आहेत. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर मेसोपोटेमियात होते आणि तिथं त्यांनी शिपायांची उडालेली नाकं, फाटलेले ओठ आणि कान शिवले. ज्यानं तोफेनं फाटलेला कान शिवला, त्याला लुगड्यानं फाटलेला अवघड जाणार नाही, असं ह्यांचं म्हणणं.

बेळगावला जायचं तर रजा हवी. ह्यांनी अर्ज लिहिला. कारण: पत्नीचा कान. आठ दिवसांनी शाळाखात्याच्या कचेरीतून तो परत आला. शेरा होता, की पत्नीचं बाळंतपण, पत्नीचा ज्वर आणि पत्नीचं निधन यांसाठी रजा मिळते. कानाचा उल्लेख नाही. सबब डॉक्टरचा दाखला जोडावा. डॉक्टर बेळगावला, आणि बेळगावला जायला रजा नाही. ह्यांनी पुन्हा नम्रपणे ही अडचण लिहून कळवली. त्यावर उत्तर आलं, की दाखल्यावाचून दाखल्यासाठी रजा देता येत नाही. असे चार कागद झाल्यावर कारकुनालाच कंटाळा आला असावा. त्यानं निरोप पाठवला, की मास्तर, कान राहू द्या, 'किरकोळ प्रापंचिक' लिहा. रजा मिळाली. माझ्या कानाला सरकारदरबारी 'किरकोळ' म्हटलं गेलं, हे मात्र मी अजून विसरलेली नाही.

डॉक्टर कुटिन्हो टकले, बुटके आणि फार स्वच्छ होते. त्यांनी माझ्या कानाला हात लावण्याआधी हात तीन वेळा धुतले. बस्तीतसुद्धा कुणी इतके धुवत नसे. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताप येतो का? मधुमेह आहे का? काही औषध चालू आहे का?

"अर्धशिशी आहे हिला," हे म्हणाले. "लहानपणापासून."

ती होतीच. पंधरा दिवसांतून एकदा तरी माझ्या डोळ्यासमोर आधी चकाकती करवत नाचायची, मग अर्धं डोकं उखळात घातल्यासारखं व्हायचं.

"मग डोक्याला काय घेता, बाई?"

मी पांढऱ्या गोळ्यांचं नाव सांगितलं. त्या तेव्हा नुकत्या किराण्याच्या दुकानातसुद्धा मिळू लागल्या होत्या.

"त्या आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "पुस्तकात सापडणार नाही, पण मी बघितलंय. त्या गोळ्या खाणाऱ्याचं रक्त लवकर थांबत नाही. टाक्यांच्या आत साचतं, मग टाके कुजतात. आठ दिवस थांबून या. मग शिवू. शिवल्यावर आणखी आठ दिवस नाही म्हणजे नाही. आणि तंबाखू?"

मला खरोखर राग आला. मी जैनाघरची, मास्तरांची बायको. "छे!" मी म्हणाले. "आमच्या घरात तंबाखू कुणी तोंडात धरत नाही." ह्यांनीही मान हलवली.

आठ दिवसांनी पुन्हा 'किरकोळ प्रापंचिक' काढून आम्ही गेलो. सुदैवानं त्या आठवड्यात डोकं दुखलं नाही. टेबलावर निजल्यावर मला एकदम आठवलं आणि मी उठून बसले.

"डॉक्टर, दोरा कशाचा?"

"आत मेंढीच्या आतड्याचा, वर..."

"आतडं नको!"

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे.

"रेशीम चालेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यात किडे मारतात."

डॉक्टरांनी माझ्या लुगड्याच्या रेशमी काठाकडे पाहिलं. मी तो पायाखाली दुमडून घेतला. तो लग्नातला होता आणि लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनी एका बाटलीतून लांब काळे केस काढले. "घोड्याच्या शेपटीचे. युद्धात तोंडं ह्यांनीच शिवली. घोडा जिवंत आहे, कॅम्पात टांगा ओढतो. हवं तर मास्तरांनी जाऊन विचारून यावं."

घोड्याला विचारावं लागलं नाही. सुई टोचून कान बधिर केला, दोन्ही कडा ताज्या केल्या आणि नऊ टाके घातले. मी हूं की चूं केलं नाही. डोक्याला मोठी पट्टी बांधून आम्ही दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं निघालो.

आणि इथंच माझा घात झाला. मोटारीची धूळ, पेट्रोलचा वास आणि संकेश्वरजवळ चाक बसलं म्हणून उन्हात तासभर उभं राहणं, एवढं सगळं एका डोक्यानं किती सोसावं? निपाणीचा नाका दिसला तेव्हा डोळ्यापुढे करवत नाचत होती. घरात पाऊल टाकलं तेव्हा दिवस मावळला होता. दिवस मावळल्यावर आमच्यात पाणीसुद्धा तोंडात घालत नाहीत. त्यामुळे गोळीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी मिटला होता. डॉक्टरांनी बंद केली होती आणि धर्मानंही. मी डोकं धरून कोपऱ्यात बसले.

आत्याबाईंनी कमरेची चांदीची डबी काढली. "हे ओढ. डोस्कं उतरतंय."

आता ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर वाचणारे मला मूर्ख समजतील. निपाणीत तपकीर हे औषध होतं. सर्दीला तपकीर, दातदुखीला तपकीर, डोकेदुखीला तर तपकीरच. वखारवाले तंबाखू विकत, विडीवाल्या वळत, गडीमाणसं चघळत. पण आमच्या आत्याबाई, आठवड्यातून दोन उपास करणाऱ्या, त्या डबीला हात लावत. त्या अर्थी ती तंबाखू असणं शक्यच नव्हतं. शिवाय ती नाकात जाते. नाकानं घेतलेलं पोटात गेलं असं धरत नाहीत, म्हणून दिवस मावळल्यावर आणि उपासालाही चालते. आत्याबाईंनी हे कधीतरी उपाध्ये अण्णांना विचारून पक्कं केलं होतं. मी दर अर्धशिशीला चिमूट ओढत आले होते आणि मला कुणी विचारलं असतं, की तू काय ओढतेस, तर मी म्हणाले असते, आत्याबाईंचं औषध.

मी ओढली. जोरात शिंक आली, नऊ टाक्यांनी एकाच वेळी मला त्यांची ओळख करून दिली आणि थोड्या वेळानं डोकं खरंच जरा उतरलं. त्या आठवड्यात गोळी नाही म्हटल्यावर डोकं रोजच दुखे. मी रोज सकाळ-संध्याकाळ तपकीर ओढत होते आणि गोळ्यांच्या पुडीकडे पाहून स्वतःचं कौतुक करत होते. डॉक्टरांचा शब्द मी पाळत होते. मोठ्या निर्धारानं पाळत होते.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी टाके काढले. शेवटचा केस निघाला आणि पाळीची दोन टोकं हळूच एकमेकांपासून सरकली. भांडण झालेल्या जावा पंगतीत सरकून बसतात तशी.

कानाशी भिंग धरून डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, "पू नाही. रक्त साचलेलं नाही. कडा पांढऱ्याफटक. कितें जालें हें?" मग माझ्याकडे वळून, "गोळ्या घेतल्या?"

"एकसुद्धा नाही," मी ताठ मानेनं म्हणाले. खरं तर मला रडू फुटत होतं. रडू आवरताना नाक गळतं. मी कमरेचा रुमाल काढून नाक पुसलं.

डॉक्टरांची नजर रुमालावर खिळली. रुमालावर तपकिरी डाग होते.

"हे काय?"

"तपकीर आहे. डोक्यासाठी."

"तुम्ही तंबाखू नाही म्हणालात!"

"नाहीच. ही तपकीर आहे."

डॉक्टर कुटिन्होंनी भिंग खाली ठेवलं आणि ते ह्यांच्याकडे वळले. "मास्तर, तपकीर कशाची करतात?"

आमचे हे चौथीच्या वर्गाला 'आपल्या गावचे उद्योगधंदे' हा धडा दरवर्षी शिकवत. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि मुलानं उत्तर द्यावं तसे म्हणाले, "तंबाखूच्या वाळलेल्या पानांची भुकटी करून." मग ते खाली बसले. तोंड असं झालं होतं, की मला माझ्या कानापेक्षा त्यांचीच दया आली.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर एक कान काढला आणि त्यात बारीक बारीक रेघा काढल्या. "ह्या रक्ताच्या नळ्या. केसाएवढ्या. जखम भरायची तर इथून रक्त यायला हवं. तंबाखू नाकातून जाऊ दे नाहीतर तोंडातून, ती ह्या नळ्या आवळते. तुमच्या कानाला आठ दिवस जेवण मिळालं नाही, बाई. कान उपाशी राहिला."

उपासाची मला सवय होती. कानालाही घडतो आहे हे माहीत नव्हतं.

"अर्धशिशीवर आता विलायतेहून नवीन औषधही येतं," ते पुढे म्हणाले. "तेही नळ्या आवळूनच काम करतं. डोकं थांबेल, कान काळा पडेल. तेही नको."

"मग डोकं दुखलं तर घेऊ काय?"

"अंधार आणि झोप. दुपारी दोन तास, अंधाऱ्या खोलीत. सगळ्यात जुनं औषध ते. खरं तर कान पुन्हा शिवायला मी तीन महिने थांबलो असतो."

"तीन महिन्यांनी स्वर्ग बंद झालेला असेल," हे म्हणाले. मग सगळी हकिगत सांगणं आलं. ती ऐकून डॉक्टर हसले आणि तयार झाले. अट एकच. दहा दिवस तपकिरीचा वाससुद्धा नको, मग टाके, आणि टाक्यांनंतर सहा आठवडे तपकीर बंद.

औषध लिहून देणं सोपं असतं. सुनेनं भरदुपारी अंधारात झोपायचं, हे औषध निपाणीतल्या कुठल्या दुकानात मिळणार होतं? ह्यांनी घरी आल्यावर भीत भीत आईला सांगितलं.

"दुपारी? दोन तास?" आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या बाळंतपणात मी एवढी झोपले न्हाई." मग त्यांनी कमरेची डबी काढून हातात घेतली. "आनि ही तपकीर... तिच्यानं कान उसवला म्हंतोय त्यो?"

"व्हय, आई."

त्या डबी कमरेला खोचून आत गेल्या. दिवस मावळलेला असल्यामुळे त्या रात्री जेवण नव्हतंच, पण त्या दुसऱ्या दिवशीही नीट जेवल्या नाहीत.

शिवाय खोलीचा प्रश्न होता. आमच्या घरात अंधारी खोली एकच, मागची, आणि ती आम्ही वखारवाल्या बाहुबली आप्पांना तंबाखूची पोती ठेवायला दिलेली. पहिल्या दिवशी मी तिथं चटई टाकून निजले. अंधार उत्तम होता. पाऊण तासात मला बेचाळीस शिंका आल्या. बाहेरून ह्यांनी मोजल्या होत्या.

तपकीर सुटली तशी डोकेदुखी दुप्पट झाली. सगळ्या गल्लीला पुन्हा हुरूप आला. रुक्माबाई म्हणाली, उगवत्या सूर्याकडं बघत जिलबी खा. खाल्ली, डोकं दुखतच राहिलं, पण सकाळ चांगली गेली. कुणी सांगितलं, फोडलेला कांदा हुंगा. कांदा आमच्यात खात नाहीत. हुंगलेला चालतो का, हे विचारायला हे अण्णांकडे गेले. अण्णांनी दोन दिवस पोथ्या पाहिल्या आणि कळवलं, की तपकीर चालते म्हणून आपण एकदा सांगून बसलोय, आता नाकाबद्दल आपण काही बोलणार नाही.

धड अंधारी खोली गल्लीत एकाच घरी होती. जयाबाईचं माजघर. एक झरोका, तोही बंद करता येण्याजोगा. पण जयाबाईकडे कोणत्या तोंडानं जायचं? माझा कान उसवला तर इंद्राणी तीच होणार होती.

"मी इचारते," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्याच डबीनं घोळ केलाय."

त्या गेल्या. मी भिंतीला कान लावला, उजवा.

"म्हंजे," जयाबाईचा आवाज आला, "माझ्या घरात झोपून कान बरा करायचा, आनि मग माझ्याच नाकावर टिच्चून इंद्राणी व्हायचं?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या.

पलीकडे एक भांडं जोरात आदळलं.

"दोन वाजता पाठवून द्या," जयाबाई म्हणाली. "मला तवा भांडी घासायची असत्यात, पर घासीन मागनं."

पहिल्या दुपारी मी तिच्या माजघरात निजले, आणि डोळा लागतो न लागतो तोच धम्म, धम्म, धम्म सुरू झालं. कुणीतरी मिरची कांडत होतं. मी मनात म्हटलं, आलं लक्षात. म्हणून इतक्या सहज हो म्हणाली. प्रत्येक घाव माझ्या डाव्या भुवईवर बसत होता. उठून घरी जावं असं मी ठरवतच होते, तेवढ्यात परसातून जयाबाईचा आवाज आला.

"ए रुक्माबाई! कांडप बंद कर गं! आत इंद्राणी झोपलीय!"

'इंद्राणी' ती अशा सुरात म्हणाली, की अख्ख्या गल्लीला हसू यावं. आलंही. पण मुसळ थांबलं. आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा दुपारी दोन तास झोपले.

मग रोजच. डोकं दुखो न दुखो, दोन वाजता मी जात असे. जयाबाई झरोक्याला पोतं लावी, दार ओढून घेई आणि उंबऱ्यात बसून गहू निवडी. कुणी आलं की तिथूनच परतवून लावी. चारला हाक मारताना म्हणे, "उठा बाईसाहेब, सर्गातनं बलावणं आलंय." दहा दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा घोड्याच्या केसांनी नऊ टाके घातले. या वेळी नऊ दिवसांनी केस निघाले, आणि टोकं जिथं होती तिथंच राहिली. मध्ये एक बारीक गुलाबी रेघ. डॉक्टरांनी आरसा दिला. मी त्यात इतका वेळ पाहत राहिले, की हे खोकले. भोक मात्र तीन महिने पाडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

अष्टमीला उपाध्ये अण्णा आले. कान पुढून पाहिला, मागून पाहिला, हलकेच ओढून पाहिला. "एक हाय," ते म्हणाले. "भोक न्हाई. पर शास्त्रात भोक सांगितलेलं न्हाई." नाव कायम झालं. भिंतीपलीकडे जयाबाई भांडी घासत होती. त्या दिवशी जरा जास्त आवाज करून घासत होती, एवढंच.

मिरवणुकीच्या दिवशी पहाटेपासून सनई-चौघडा सुरू होता. इंद्र-इंद्राण्यांनी अभिषेक होईपर्यंत कडक उपास करायचा, पाण्याचा थेंबही नाही. कोल्हापूरच्या एका नाटकमंडळीकडून पोशाख आणले होते. ह्यांना मुकुट मोठा होत होता. ते वळले की मुकुट मागून वळे. माझ्या डोक्यावर बसवला तेव्हा समजलं, की इंद्राणीच्या मुकुटाला दोन्ही बाजूंनी मण्यांच्या दाट झालरी आहेत आणि त्यातच बेगडाची कुंडलं शिवलेली आहेत. त्या झालरी खांद्यापर्यंत येत होत्या. कान कुठला नि गाल कुठला, काही दिसत नव्हतं. सोळाच्या सोळा इंद्राण्यांपैकी एकीलाही मुळात कान होते की नाही, हे कुणाला सांगता आलं नसतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मुकुट सावरला आणि दुसरीकडे पाहिलं.

त्याच क्षणी डाव्या डोळ्यापुढे करवत चमकली.

आत्याबाईंना माझं तोंड पाहून कळलं. त्यांचा हात कमरेच्या डबीकडे गेला, तिथं थांबला आणि परत आला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे म्हनालाय त्यो." मग हळूच, "घरी चल. दुसरी चिठ्ठी हाय. कुनी काय म्हननार न्हाई."

"मी जाणार," मी म्हणाले.

पुढच्या इंद्रांना हत्ती होता, मधल्यांना घोड्यांचा रथ. सोळाव्यांना बैलगाडी, फुलांनी सजवलेली. उन्हं चढली होती. पुढे हलगी, मागे ताशा. मी गाडीत ताठ बसले आणि डोळे मिटून घेतले, कारण उघडले असते तर पंचांसमोर ओकले असते. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आता लोक हसतील. पण आजूबाजूला कुजबुज सुरू झाली.

"बघ गं बघ, कशी तल्लीन झालीय!"

"डोळ्यातनं धारा लागल्यात. ह्याला म्हंत्यात भक्ती."

कुणीतरी माझ्या पायाला हात लावला. मग आणखी कुणी. हत्तीवरच्या इंद्राणीला सोडून बायका बैलगाडीकडे येऊ लागल्या. माझ्या डोक्यात उखळ चाललं होतं आणि मी पुतळ्यासारखी बसले होते. हललं की जास्त दुखायचं.

तेवढ्यात माझ्यावर सावली आली. कुणीतरी छत्री धरून गाडीच्या चाकाबरोबर चालत होतं.

"डोळं उघडू नको," जयाबाई कानाशी म्हणाली. "लई छान चाललंय. पानंदीपातूर दम काढ. तितनं सावली हाय."

ती थोडा वेळ तशीच चालत राहिली. मग म्हणाली, "आनि हे काय? एवढं बेळगावास्नं दोनदा शिवून आनलंस, माझ्या घरात महिनाभर झोपलीस, आनि झाकून बसलीस व्हय?"

तिचा हात माझ्या गालाशी आला. तिनं डाव्या बाजूची झालर उचलली आणि कानामागं नीट खोचली. वाऱ्याची झुळूक पाळीला लागली.

"आता बघू देत सगळ्यांस्नी," ती म्हणाली.

किती जणांनी पाहिला ते मला सांगता यायचं नाही. माझे डोळे मिटलेले होते.